केबलचे कर्म, मोटारीचे फळ

तळोज्याच्या किंवा पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहतीत मोटार जळाली की ती उतरवून रिवाइंडिंगला पाठवतात आणि जळण्याचे कारण मोटारीतच शोधतात. ओव्हरलोड झाली असेल, पाणी शिरले असेल, मागच्या खेपेला वाइंडिंग कच्चे झाले असेल. पनवेल तालुक्यात पावसाळ्याचे चार महिने पाणी कोसळत असते, खाडीची खारी हवा आणि रसायनांच्या वाफा बारा महिने असतात. त्यामुळे यातले एखादे कारण बऱ्याचदा खरेही निघते. पण मोटार ड्राइव्हवर चालत असेल, म्हणजे तिचा वेग व्हीएफडीने कमीजास्त केला जात असेल, तर आणखी एक कारण संभवते आणि ते मोटारीबाहेर असते. ड्राइव्हपासून मोटारीपर्यंत ट्रेमधून गेलेल्या केबलची निवडच चुकलेली असते. ही केबल स्वतः जळत नाही. इन्सुलेशन तपासणारा मेगर लावला तर चोख रीडिंग देते. तिच्यावर कोणाचा संशय जात नाही, आणि ती ज्याने निवडली तो एव्हाना दुसऱ्या कंपनीत बढतीवर गेलेला असतो. भारतीय दर्शनांनी या परिस्थितीला फार पूर्वी दोन नावे देऊन ठेवली आहेत. केलेल्या कर्माचे फळ कर्त्यापर्यंत न पोहोचताच विरून गेले तर तो कृतनाश. ज्याने काही केले नाही त्याच्या पदरी फळ पडले तर तो अकृताभ्यागम. न्यायसूत्रांत, शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात, बाराव्या शतकातल्या जैन आचार्य हेमचंद्रांच्या खंडनात हे दोष पुन्हा पुन्हा येतात, आणि युक्तिवादाचा साचा बहुधा एकच असतो: तुमचे मत मानले तर हे दोन दोष येतात, म्हणून तुमचे मत त्याज्य. असे जग असूच शकत नाही, हे त्यात गृहीत धरलेले असते. मला वाटते, असे जग आहे, आणि ते पनवेलपासून काही मैलांवर तिन्ही पाळ्यांत चालू आहे. म्हणून कर्मसिद्धान्त हे सृष्टीचे वर्णन आहे असे धरून बसण्यापेक्षा ती माणसांनी पुरी करायची मागणी आहे असे समजावे, हे या लेखाचे म्हणणे आहे.

आधी केबलचे प्रकरण नीट पाहायला हवे, कारण ते तपशिलात पाहिले नाही तर पुढचा वाद हवेत राहील. साध्या मोटारीला ५० हर्ट्झचा, लहरीसारखा चढउतरणारा ४१५ व्होल्टचा पुरवठा मिळतो. तिच्यासाठी केबल निवडताना अँपिअर किती, अंतर किती, व्होल्टेज ड्रॉप किती, भोवतालचे तापमान किती, शेजारी आणखी किती केबली आहेत, एवढे पाहिले की काम झाले. पीव्हीसी असेल तर आयएस १५५४, एक्सएलपीई असेल तर आयएस ७०९८, विद्युत्प्रवाहाच्या तक्त्यांसाठी आयएस ३९६१. हे सगळे पाठ असलेला माणूस अडाणी नसतो. पण ड्राइव्ह मोटारीला लहर देत नाही. तो आलेला पुरवठा आधी डीसीत बदलतो, सुमारे ५८७ व्होल्टच्या शिखरापर्यंत, आणि मग त्या डीसीचे तुकडे करून मोटारीकडे पाठवतो. आधुनिक आयजीबीटी स्विच हा दाब शून्यावरून पूर्ण उंचीवर सेकंदाच्या एक कोट्यंश भागात, म्हणजे १०० नॅनोसेकंदांत नेऊ शकतो. इतका उभा स्पंद केबलमधून प्रकाशाच्या साधारण निम्म्या वेगाने धावतो आणि मोटारीशी पोहोचतो तेव्हा धक्क्याच्या भिंतीवर आपटलेल्या लाटेसारखा उसळतो, कारण मोटारीचा रोध केबलच्या रोधाच्या कितीतरी पट जास्त असतो. आलेली लाट आणि उलटलेली लाट एकमेकींत मिसळून मोटारीच्या टर्मिनलवर दाब दुपटीच्या आसपास, ११७० व्होल्टपर्यंत जातो. हे घडायला केबल मैलभर लांब लागत नाही. १०० नॅनोसेकंदांच्या स्पंदाला साडेसात मीटर पुरतात. जुन्या, मंद स्विचांच्या ड्राइव्हमध्ये हाच स्पंद चढायला मायक्रोसेकंद लागत आणि तेव्हा ही मर्यादा ७५ मीटरच्या घरात होती. म्हणून पंचवीस वर्षे बिनतक्रार चाललेल्या केबलवर नवा ड्राइव्ह बसवला की मोटारी जळू लागतात, आणि केबल तर तीच आहे, असे सगळे शपथेवर सांगतात.

११०० व्होल्ट ग्रेडची केबल हा मारा बहुधा पचवते. मोटारीच्या पहिल्या काही वेढ्यांवरचे इनॅमल पचवत नाही. उभ्या स्पंदाचा बराचसा दाब त्या पहिल्या वेढ्यांवरच पडतो. वेढ्यांमधल्या सूक्ष्म पोकळीतली हवा आयनित होते, ओझोन तयार होतो, इनॅमल कणाकणाने झिजते. अमेरिकेच्या नेमा मानकाने साध्या मोटारीसाठी १००० व्होल्टचे शिखर आणि किमान दोन मायक्रोसेकंदांची चढण गृहीत धरली आहे. ड्राइव्हसाठी खास बनवलेल्या मोटारीला जास्त उंच आणि जास्त उभे स्पंद सोसावे लागतात. आपल्याकडे अजून कित्येक ठिकाणी जुनी, अनेकदा रिवाइंड केलेली मोटार आणि कोरा ड्राइव्ह यांची जोडी जमवली जाते. केबलचा दुसरा दोष याहून लपलेला आहे. कारखान्यांत सर्रास आढळते ती साडेतीन कोरची आर्मर्ड ॲल्युमिनियम केबल: तीन फेज आणि निम्म्या जाडीचा न्यूट्रल. ड्राइव्हच्या मोटारीला न्यूट्रल लागतच नाही, मग तोच अर्धा कोर अर्थिंगला लावला जातो. तो एका फेजला जवळ, दुसरीला दूर, समतोल ढळतो. त्यात पोलादी पट्ट्यांचे आर्मर घुशीच्या दातांपासून वाचवायला उत्तम असले तरी उच्च वारंवारतेच्या प्रवाहाला परतीची सोपी वाट देण्यात ते तांब्याच्या स्क्रीनची बरोबरी करत नाही. ती वाट न मिळालेला प्रवाह मोटारीच्या बॉडीतून, जोडलेल्या पंपातून, काही अंशी बेअरिंगमधून जातो. ग्रीसच्या पातळ थरातून ठिणग्या पडतात, बेअरिंगच्या पट्टीवर बारीक खड्डे आणि पुढे धोब्याच्या पाटीवर असतात तशा आडव्या खाचा उमटतात. शेजारच्या ट्रेमधल्या लेव्हल ट्रान्समीटरचे रीडिंग उगाच नाचते आणि बोल इन्स्ट्रुमेंटवाल्याला लागतो. तीन फेजांभोवती समान अंतरावर तीन अर्थ कोर, वर तांब्याचा स्क्रीन, तो दोन्ही टोकांना ग्लँडमध्ये सर्व बाजूंनी घट्ट पकडलेला, आणि इन्सुलेशन पीव्हीसीऐवजी कमी धारकतेचे एक्सएलपीई, अशी केबल यातले बरेच टाळते. दुप्पट होणारा दाब मात्र तिनेही टळत नाही. त्यासाठी अंतर कमी हवे, नाहीतर ड्राइव्हच्या तोंडाशी चोक किंवा फिल्टर हवा. केबल निवडणे म्हणजे ड्राइव्ह, अंतर, मोटार, अर्थिंग या सगळ्यांचा एकत्र विचार करणे, आणि सुटी केबल विकत घेणाऱ्या परचेस खात्याच्या कागदावर या विचाराला रकाना नसतो.

आता मूळ प्रश्नाकडे. कर्म आज घडते, फळ उद्या मिळते. मधल्या काळात ते कर्म असते कुठे? हा प्रश्न मीमांसकांना सर्वांत तीव्रतेने पडला, कारण त्यांचा यज्ञ संध्याकाळी संपायचा आणि स्वर्ग मृत्यूनंतर मिळायचा. त्यांनी उत्तर दिले: यज्ञातून अपूर्व नावाची एक न दिसणारी शक्ती निर्माण होते आणि फळ मिळेपर्यंत टिकते. ती कुठे राहते? कुमारिल भट्टांच्या मते यज्ञकर्त्याच्या आत्म्यात. उत्तर पटो न पटो, प्रश्न अचूक आहे, आणि केबलच्या बाबतीत त्याला चोख उत्तर आहे. ड्राइव्हची कॅरियर वारंवारता, म्हणजे डीसीचे तुकडे करण्याचा वेग, ४ किलोहर्ट्झ धरली तर एका दिवसात प्रत्येक फेजवर ३४ कोटी ५६ लाख वेळा तो उभा स्पंद चढतो. मोटारीची शिट्टी ऑपरेटरला सहन होत नाही म्हणून कोणी ही वारंवारता ८ किलोहर्ट्झ केली तर हा आकडा दुप्पट होतो. आवाज गेला म्हणून सगळे खूश असतात. प्रत्येक स्पंद इनॅमलवर आपला अतिसूक्ष्म ओरखडा ठेवून जातो. हेच ते साठत जाणारे, न दिसणारे अपूर्व. फक्त कुमारिलांच्या हिशेबात एक फरक करावा लागतो: हा संस्कार कर्त्यात साठत नाही. केबल निवडणाऱ्याच्या मनावर, शरीरावर, पगारावर त्याची रेषही उमटत नाही. तो साठतो दुसऱ्याच्या वाइंडिंगमध्ये. कर्मसिद्धान्ताने ज्या जोडणीवर सगळी भिस्त ठेवली ती जोडणी, म्हणजे करणारा आणि भोगणारा एकच, इथे तुटलेली आहे.

यावर परंपरेचे नेहमीचे उत्तर असे की ती जोडणी या जन्मात तुटल्यासारखी दिसली तरी आत्मा नित्य आहे, हिशेब पुढे पुरा होतो. हे उत्तर खोटे ठरवण्याचे साधन माझ्याजवळ नाही, पण ते कारखान्यात निरुपयोगी आहे एवढे सांगता येते. पुढच्या जन्मात कोणाला काय मिळेल यावर आजच्या मोटारीचे संरक्षण होत नाही. शिवाय इथे कर्ता एक नसतोच. सल्लागार स्पेसिफिकेशन लिहितो, परचेसवाला तीन कोटेशनांतून सर्वांत स्वस्त निवडतो, ठेकेदार केबल ओढतो, वायरमन स्क्रीन कापून त्याची शेपटी वळून एका बोल्टला लावतो, ड्राइव्ह कंपनीचा माणूस येऊन चालू करून देतो. यांच्यात नित्य आत्मा कोणाचा शोधायचा? याबाबतीत बौद्धांचे उत्तर मला जास्त कामाचे वाटते. मिनँडर (मिलिंद) राजाच्या प्रश्नांना बौद्ध भिक्षू नागसेनाने दिलेल्या उत्तरांत एक दाखला आहे: एक माणूस माळ्यावर दिवा लावून जेवतो, दिव्याने छपराचे गवत पेटते, त्यातून घर, घरातून गाव. गावकऱ्यांनी धरल्यावर तो म्हणतो, ज्या ज्योतीत मी जेवलो ती वेगळी, गाव जाळणारी आग वेगळी. राजालाही कबूल करावे लागते की ही पळवाट चालणार नाही, कारण ती आग त्या ज्योतीतूनच आली. जबाबदारी टिकायला कर्ता तोच राहण्याची गरज नाही. एकातून दुसरे निघाल्याची अखंड साखळी दाखवता आली की पुरे. सल्लागारापासून वायरमनपर्यंत अशी साखळी असते. ती अखंड दाखवता येते का, हा खरा प्रश्न.

आणि ज्यांनी नित्य आत्मा नाकारला ते हा प्रश्न वाऱ्यावर सोडून बसले नव्हते. नाशिकच्या लेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्याने गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे भिक्षुसंघासाठी ठेव ठेवली: एकीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे १००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत द्यायचे नाही, व्याज कायम द्यायचे, त्यातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंची वस्त्रे वगैरे खर्च भागवायचा. हे सगळे निगमसभेत जाहीर केले, फलकावर नोंदवले आणि वर दगडात कोरले. आजचे दान आणि शंभर वर्षांनंतरचे वस्त्र यांना जोडायला त्यांनी अदृश्य शक्तीवर भरवसा ठेवला नाही. श्रेणी, सभा, नोंद आणि दगड यांवर ठेवला. ज्या सह्याद्रीत हे घडले त्याच्याच पश्चिम पायथ्याशी आज आपण लाखो रुपयांच्या मोटारीला जोडलेली केबल कोणी, कोणत्या हिशेबाने, किती मीटर टाकली याची नोंद ठेवत नाही. केबल शेड्यूल असते, पण त्यात आकार आणि लांबी असते. ही केबल का, याचे उत्तर नसते. कारखान्याचा विस्तार झाला, ड्राइव्ह दुसऱ्या पॅनेलमध्ये गेला, १२ मीटरचे ६० मीटर झाले, तरी कागदावर १२च राहतात.

यावर पहिला आक्षेप मेंटेनन्सच्या खोलीतून येतो आणि तो दोन शब्दांचा असतो: चालतंय ना? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चार्वाकांची भूमिका हीच होती: प्रत्यक्ष तेवढे प्रमाण, अनुमान म्हणजे कल्पनेचा खेळ. मेगरचा काटा प्रत्यक्ष आहे, फिरणारी मोटार प्रत्यक्ष आहे. उसळणारी लाट कोणी पाहिली? शिवाय तथ्यांचा एक भाग खरोखर आक्षेपकाच्या बाजूने आहे. पॅनेलपासून मोटार चार मीटरवर असेल, मोटार ड्राइव्हसाठी बनवलेली असेल, तर साध्या केबलवरही ती वर्षानुवर्षे चालते, आणि तशा ठिकाणी फिल्टर लावायला सांगणारा माणूस धर्म पाळत नसून कमिशन पाहत असण्याची शक्यता जास्त. पण मेगर जे दाखवतो ते आजच्या स्थिर दाबाला इन्सुलेशन काय उत्तर देते एवढेच. ३४ कोटी स्पंदांच्या दिवसाबद्दल तो मूक आहे. त्या मुक्या उत्तरावरून पुढच्या पाच वर्षांची हमी देणे हेही अनुमानच आहे, फक्त न कबूल केलेले आणि म्हणून न तपासलेले. चार्वाकाला आपल्या नियमाने ‘आत्ता चालते आहे’ यापलीकडे एक अक्षर बोलता येत नाही. मेंटेनन्सवाला मात्र ‘चालतंय’ म्हणताना ‘चालेल’ असे सुचवत असतो. अनुमान करायचेच असेल तर ते केबलची लांबी, स्पंदाची चढण आणि मोटारीचे इन्सुलेशन यांवरून उघडपणे करावे. ऑसिलोस्कोप मोटारीच्या टर्मिनलवर लावून ती लाट पाहताही येते.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि नैतिकदृष्ट्या तो पहिल्याहून वजनदार आहे. तळोज्यातला लहान कारखानदार कर्जावर चालतो. स्क्रीनची तांब्याची केबल आणि फिल्टर यांचा वाढीव खर्च त्याला कामगारांच्या पगाराशी, बोनसशी तोलावा लागतो. काटकसर हाही धर्म आहे आणि महागडी वस्तू घेणे हे सदाचाराचे लक्षण नाही, हे मला मान्य आहे. पण इथे काटकसर नेमकी कोणाच्या खिशातून होते ते पाहावे. परचेसचे बजेट वेगळे, मेंटेनन्सचे वेगळे. केबलवर वाचलेले पैसे पहिल्याच्या खात्यात जमा होतात आणि रिवाइंडिंगचे बिल दुसऱ्याच्या. दोन्ही रकमा एकाच मालकाच्या असूनही कागदावर कधी समोरासमोर येत नाहीत. सगळा हिशेब समोर ठेवून ‘मोटार पाच वर्षांनी जळाली तरी परवडेल’ असा निर्णय मालकाने घेतला, तर मला त्याच्यावर आक्षेप घेण्याचे कारण दिसत नाही. तो आपल्याच कर्माचे फळ आपणच भोगायला तयार झाला आहे. दोष तेव्हा येतो जेव्हा बचत एकाची आणि नुकसान दुसऱ्याचे असते आणि दुसऱ्याला कोणी विचारलेले नसते.

हा ‘दुसरा’ नेहमी कारखान्याच्या कुंपणातच असतो असेही नाही. तळोजा वसाहतीच्या सांडपाण्याने कासाडी नदीचे काय झाले हा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. ज्यांची मासेमारी नदीवर आणि खाडीवर अवलंबून होती त्यांनी कोणतेही रसायन बनवलेले नव्हते. अकृताभ्यागमाचे याहून ढळढळीत उदाहरण शोधायला ग्रंथ उघडावे लागणार नाहीत. आता सांडपाणी प्रक्रियेचा गाभा असतो हवा: टाकीतल्या जिवाणूंना ब्लोअर किंवा एरिएटर प्राणवायू पुरवतात, आणि वीज वाचवण्यासाठी हे ब्लोअर अलीकडे ड्राइव्हवर चालवले जातात. ब्लोअर पाण्यापाशी, पॅनेल रूम कोरड्या जागी. म्हणजे मधली केबल लांब. ही मोटार जळाली आणि राखीव ब्लोअर नसला तर काही तासांत जिवाणू मरगळू लागतात, आणि प्रक्रिया बिघडलेले पाणी अखेर उताराचीच वाट धरते. कासाडीच्या प्रदूषणाचे कारण केबल होती असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे हास्यास्पद होईल. साखळी कुठवर जाऊ शकते एवढेच दाखवायचे आहे. कारखान्यातल्या मोटारीबद्दल मालक ‘परवडेल’ म्हणू शकतो, प्रक्रिया केंद्राच्या ब्लोअरबद्दल तो ते म्हणू शकत नाही, कारण तिथले फळ भोगणारा कोळी त्या बैठकीत नसतो.

तिसरा आक्षेप गीतेचा आधार घेऊन येतो: कर्म करावे, फळाकडे पाहू नये, तुम्ही तर सारे लक्ष फळावर लावता. पनवेलहून जुन्या पुणे रस्त्याने खोपोलीला जाताना या आक्षेपाचे उत्तर सुचायला हरकत नाही. टाटांच्या खोपोलीच्या वीज केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना १९१५ साली वीज मिळू लागली आणि त्याच वर्षी लोकमान्य टिळकांचा ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध झाला. योगायोगाला अर्थ चिकटवण्याची मला हौस नाही. पण ज्या काळात इथे यंत्राचा आणि विजेचा तारेने संबंध जुळत होता त्याच काळात टिळक सांगत होते की सोडायची आहे ती फळाची आसक्ती, फळाचा विचार नव्हे, आणि ज्ञानी माणसानेही लोकसंग्रहासाठी कर्म करत राहावे. परिणामाचा विचार न करता केलेले काम निष्काम होत नाही, नुसते बेफिकीर होते. उलट केबलची निवड हे निष्काम कर्माचे जवळजवळ शुद्ध उदाहरण आहे. चांगली निवड केली तर काय घडते? काहीच नाही. मोटार जळत नाही. न जळलेल्या मोटारीसाठी कोणाला बक्षीस मिळत नाही, आणि जळाली असती हे सिद्धही करता येत नाही. फळाचा पुरा विचार करायचा आणि ते आपल्याला मिळणार नाही हे ठाऊक असायचे, याला दुसरे कोणते नाव द्यायचे? शेजारच्या पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीताप्रवचनांत विकर्म या कल्पनेचा वेगळाच अर्थ लावला: बाहेरच्या कर्माला आतून मिळणारी मनाची जोड. ग्लँडमध्ये स्क्रीन सर्व बाजूंनी पकडायचा की शेपटी वळून बोल्टखाली दाबायचा, या दोन्हींत बाहेरून दिसणारे काम एकच असते, केबल जोडली. फरक पडतो तो त्या जोडीनेच, आणि झाकण बसल्यावर तो कोणाला दिसत नाही.

राहिला नियमांचा आक्षेप: मानके आहेत, विद्युत निरीक्षक आहे, ड्राइव्हच्या पुस्तिकेत केबलची लांबी आणि प्रकार छापलेला आहे; मग धर्म आणि दर्शन मध्ये कशाला? नियम हवेतच, आणि ती पुस्तिका कोणी उघडून वाचली असती तर या लेखातला अर्धा मजकूर अनावश्यक ठरला असता. पण नियम किमान पातळी सांगतात. निरीक्षक माणसाला शॉक लागणार नाही, आग लागणार नाही हे पाहतो. बेअरिंग अठरा महिन्यांत जाईल की अठरा वर्षांत, हा त्याचा विषय नाही. आयएसच्या शिक्क्याची केबल नियमात पूर्ण बसते आणि तरी या जागेसाठी चुकीची असू शकते. नियम आणि योग्यता यांच्यामधल्या त्या पट्ट्यात कोणाचीच सही लागत नाही, आणि कृतनाश व अकृताभ्यागम हे दोन्ही दोष नेमके तिथे राहतात. म्हणून मागणी लहान पण नेमकी आहे: केबल शेड्यूलमध्ये आकाराशेजारी कारण लिहावे. ड्राइव्हची चढण किती धरली, लांबी किती, मोटार कोणत्या प्रतीची, फिल्टर का लावला किंवा का नाही, आणि हे ठरवले कोणी. मोटार जळाल्यावर तो कागद काढून पाहावा. यातून शिक्षा व्हावी असा हेतू नाही. पहिल्या माणसाच्या कर्माचे फळ निदान माहिती म्हणून तरी त्याच्यापर्यंत पोहोचावे. आज ते तेवढेही पोहोचत नाही, आणि म्हणून तोच माणूस पुढच्या कंपनीत तीच केबल लिहून देतो.

ज्या केबली आधीच ट्रेमध्ये पडल्या आहेत त्यांचे काय? तळोजा आणि रसायनीच्या जुन्या प्लँटमध्ये पाच-पाच थरांच्या ट्रे आहेत. खालच्या थरातली केबल ओढून काढायची तर वरच्या चालू केबली धोक्यात येतात, आणि ती टाकणारा ठेकेदार आता धंद्यातही नसतो. वेदान्ती ज्याला प्रारब्ध म्हणतात ते हेच: ज्याचे फळ सुरू झाले आहे ते भोगूनच संपते, ज्ञान झाले तरी थांबत नाही. मात्र भोगाची तीव्रता कमी करता येते का, यावर मतभेद राहिले, आणि केबलच्या बाबतीत ती करता येते. ड्राइव्हच्या तोंडाशी बसवलेला डीव्ही-डीटी फिल्टर स्पंदाची चढण मंद करतो; साइन फिल्टर तुकड्यांची जवळजवळ लहर करतो, मग जुनी केबल आणि जुनी मोटार दोघींना पूर्वीसारखाच पुरवठा मिळतो. कॅरियर वारंवारता उतरवली तर शिट्टी परत येते, पण स्पंद कमी होतात. बेअरिंगसाठी मोटारीच्या मागच्या टोकाला इन्सुलेटेड बेअरिंग किंवा शाफ्टला अर्थिंग ब्रश लावता येतो. यातला कोणताही उपाय फुकट नाही: साइन फिल्टर जागा अडवतो, तापतो, काही व्होल्ट खातो, आणि त्यामुळे पूर्ण वेगावर मोटार थोडी कमी जोराने ओढते. दुसऱ्या कोणी तरी बऱ्याच वर्षांपूर्वी वाचवलेल्या पैशांचे ते आजचे बिल आहे, आणि ते कोणाच्या बजेटमध्ये टाकायचे यावर पुढची बैठक बोलवावी लागते.